मरणाच्या उशाशीं शिकाऊ परिचारिका

गेल्या आषाढाच्या आरंभीं, तुकोबांची पालखी अंथुर्ण्याचा मुक्काम आटोपून निमगांव केतकीकडे निघून गेली, त्याच आठवड्यांत आमच्या घरीं एक अनपेक्षित पाहुणी आली. पाहुणी म्हणजे परकी कोणी नव्हे. आमच्या धाकट्या बंधूंची नात. पुण्यास परिचारिकेचें शिक्षण घेत आहे, दुसऱ्या वर्षास आहे. सुटीचा काळ नाहीं, येण्याची वर्दी नाहीं, आणि तोंडावर अशी अवकळा कीं तिच्या आईनें दारांतच भाकरतुकडा ओवाळून टाकला. रात्रीं पानें वाढलीं तेव्हां तिनें ताटाकडे पाहत एवढेंच सांगितलें, “मी आतां परत जाणार नाहीं.”

आमचें कळंब हें इंदापूर तालुक्यांतलें गांव. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आलें, शेजारीं वालचंदनगर उभें राहिलें, ऊंस आला, आणि शिकलेलीं मुलें पुण्यामुंबईस गेलीं. तरी आमच्या घरांत अद्याप एका पंगतीस तेरा पानें मांडतात, आणि तेरा पानें म्हणजे तेरा मतें. मुलीचे वडील म्हणाले, “मी आधींच सांगत होतों.” आईस भरलेल्या फीची काळजी. एका काकांनीं बँकेची परीक्षा सुचविली. दोन वर्षांपूर्वीं हिला या शिक्षणास पाठवावें म्हणून ज्यांनीं हट्ट धरिला ते आम्हीच, तेव्हां साऱ्यांचे डोळे आमच्याकडे वळले, हें सांगणें नलगे.

कारण थोडक्यांत कळलें तें असें कीं, वॉर्डांत तिच्या देखरेखींतील एक रुग्ण दगावला होता.

आम्ही पडलों जुन्या मॅट्रिकचे, संस्कृतचे मास्तर. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तिला ओसरीवर बोलावून बसविलें आणि तासभर समजूत घातली. गीतेचा दुसरा अध्याय झाला. यक्षानें युधिष्ठिरास विचारिलेला आश्चर्याचा प्रश्न झाला. रघुवंशाच्या आठव्या सर्गांत इंदुमतीच्या मृत्यूनें वेडावलेल्या अजास वसिष्ठांनीं शिष्याकरवीं पाठविलेला उपदेश, मरण हीच देहधाऱ्याची प्रकृति, तोही झाला. मुलगी मान खालीं घालून ऐकत होती. आमचें संपल्यावर तिनें विचारलें, “अण्णाआजोबा, तुम्ही कधी कोणाचे डोळे मिटले आहेत का?”

आम्हांस उत्तर सुचेना. वडील गेले तेव्हां आम्ही परीक्षेच्या कामासाठीं परगांवीं होतों. आई गेली तेव्हां घरांतच होतों. पण ओसरीवर उभे होतों, आंत गेलों नाहीं. आंत सारें बायकांनींच केलें. साठी उलटून गेली, शेंकडों मुलांस अजविलाप शिकविला, आणि मरणाऱ्या माणसाचा हात हातांत घेण्याचा प्रसंग आम्हीं एकदांही स्वतःवर येऊं दिला नाहीं.

शिवाय एक गोष्ट आम्ही सोयीस्करपणें विसरलों होतों. त्याच सर्गांत कालिदासानें पुढें सांगितलें आहे कीं वसिष्ठांचा तो उपदेश अजाच्या शोकानें भरलेल्या हृदयांत शिरलाच नाहीं. जसा आला तसा गुरूंकडे परत गेला. राजानें मुलासाठीं आठ वर्षें कशीबशीं काढलीं आणि मग देह ठेविला. म्हणजे उपदेशाचा उपयोग होत नाहीं हें कवीस ठाऊक होतें, मास्तरांस नव्हतें.

कोंडी फोडली ती आमच्या वहिनींनीं. थोरल्या बंधूंच्या पत्नी. वय चौऱ्याऐंशी, शिक्षण मराठी चवथी. या घरांतील गेल्या साठ वर्षांचीं बाळंतपणें आणि मरणें त्यांच्याच हातांखालून गेलीं आहेत. त्यांनीं मुलीस मागील पडवींत नेलें, पुढ्यांत घेवड्याच्या शेंगा टाकल्या आणि विचारलें, “काय झालं तें पहिल्यापासून सांग बघूं.” आम्ही माजघरांत होतों, ऐकूं येत होतें.

खेड्यांतली एक म्हातारी. चार दिवस तिचें अंग पुसणें, नाडी-ताप पाहणें हिच्याच हातीं होतें. पांचव्या दिवशीं पहाटे तिनें हिचा हात धरून पाणी मागितलें. तोंडानें कांहीं द्यावयाचें नाहीं असा डॉक्टरांचा हुकूम. “सिस्टरांना विचारून येतें हं आजी,” म्हणून ही गेली. सिस्टर पलीकडच्या खाटेपाशीं गुंतलेल्या. सात-आठ मिनिटांनीं परतली, तों म्हातारी गेलेली. मग पडदे ओढले, नळ्या काढल्या, चादरींत गुंडाळलें, चिठ्ठी बांधली; आणि लगेच हिला पुढच्या खाटेवर औषध देण्यास पाठविलें. कोणी रागावलें नाहीं. कोणी कांहीं विचारलेंही नाहीं. मुलगी महिनाभर तें पाणी उराशीं घेऊन हिंडत होती.

वहिनींनीं “रडूं नकोस” म्हटलें नाहीं. त्या म्हणाल्या, “मग ओलं फडकं नव्हतं का तिथं? सासूबाईंना शेवटीं घोट गिळवत नव्हता, ठसका लागायचा. कापसाचा बोळा भिजवून ओठांवरून फिरवायचा, वर तुपाचं बोट. तहान तेव्हां ओठांना असते गं, पोटाला नसते.”

मुलगी एकदम म्हणाली, “मोठ्या आजी, हें आम्हांला शिकवलंय! तोंडाची निगा. प्रात्यक्षिकांत मार्क आहेत त्याला.”

“मग?”

“पण तें याच्यासाठीं असतं, हें कोणी सांगितलं नाहीं.”

ही ‘मग’ आणि ‘पण’ यांमधली जागा आमच्या मनांत घर करून राहिली. परिचारिकेचें शिक्षण घेणाऱ्या मुलींची मरणाशीं गांठ घालून देण्याची कांहीं रीत आहे कीं नाहीं, याचा आम्हीं गेल्या कांहीं महिन्यांत यथामति शोध घेतला. तोच वाचकांपुढें ठेवीत आहों. हल्लीं आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरांतील मुली, आणि मुलगेही, या शिक्षणास जातात. तेव्हां हा विषय अगदीं परका नव्हे.

प्रथम शब्दाविषयीं, कारण ती आमची खोड आहे. शुश्रूषा हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणें या धातूस इच्छार्थक प्रत्यय लागून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूंजवळ राहून त्यांचें ऐकणें, त्यावरून सेवा, आणि सेवेवरून रुग्णसेवा असा तो उतरत आला. आम्हीं हा शब्द फळ्यावर अनेकदां फोडून दाखविला; पण पडवींत शेंगा निवडीत बसलेल्या वहिनींनीं तो प्रथम आम्हांस करून दाखविला.

आतां असें पाहा. आमच्या लहानपणीं मरण घरांत होत असे. जमिनीवर घेणें, मुखांत तुळशीपत्र व गंगोदक घालणें, कानांत नाम सांगणें, हें सर्व मुलें दाराच्या फटींतून कां होईना, पाहत. श्वासाची लय बदलते, मध्येंच थांबून पुन्हां लागते, पाय थंड पडतात, घशांत घरघर सुरू होते, हें ठाऊक असण्यास पुस्तक लागत नसे. आजची अठरा वर्षांची मुलगी हें कांहींएक न पाहतां वॉर्डांत उभी राहते. तिच्या आजोबांचें मरण दवाखान्यांत झालें. तिला तेव्हां शेजाऱ्यांकडे धाडलें होतें. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. ज्या मुलीस आपण मरणापासून इतकें जपलें, तिलाच एके दिवशीं परक्याच्या मरणाची व्यवस्था करण्यास सांगितलें जातें.

पूर्वींची गोष्ट वेगळी होती. १८९७ सालीं पुण्यास प्लेगानें थैमान घातलें असतां सावित्रीबाई फुले यांनीं आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यांत रुग्ण पोंचविण्याचें काम अंगावर घेतलें. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः उचलून आणलें, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. त्यांस कोणी प्रशिक्षण दिलें नव्हतें. आपल्या समाजांतून मुली रीतसर या शिक्षणाकडे वळल्या त्या पुढें, पुणें सेवासदनाच्या द्वारें. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं ही संस्था काढिली आणि लौकरच मुली ससून हॉस्पिटलांत परिचर्या शिकण्यास जाऊं लागल्या. त्या काळीं आक्षेप काय कमी झाले? परपुरुषाचा स्पर्श, सोंवळें-ओंवळें, प्रेतास हात लावणें. रमाबाई डगमगल्या नाहींत. १६ जानेवारी १९०१ रोजीं न्यायमूर्ति गेले, त्या अखेरच्या दिवसांची हकीकत त्यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. ज्यांनीं ती वाचली असेल त्यांस कळेल कीं मृत्युशय्येशेजारीं बसण्याचा अर्थ या बाईंस पूर्ण ठाऊक होता.

नंतर शास्त्र वाढलें, शिक्षणाची घडी बसली, आणि चमत्कार असा कीं घडी बसतां बसतां नेमकें हेंच अंग निसटलें. हें इकडेच झालें असें नव्हे. अमेरिकेंत जीन क्विंट नांवाच्या विदुषीनें शिकाऊ परिचारिका व मरणोन्मुख रुग्ण यांच्या संबंधाचा अभ्यास करून १९६७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. तिला आढळलें तें हें: मुलींस जीव वाचविण्याचें शिक्षण कसोशीनें मिळतें, चूक न करण्याची धास्ती मनांत भरते, परंतु मरणाऱ्याशीं काय बोलावें हें फारसें कोणी शिकवीत नाहीं, पहिला मृत्यु कोणाच्या वांट्यास केव्हां येईल हें योगायोगावर सोडलेलें असतें. त्याच वर्षीं लंडनमध्यें सिसिली सॉन्डर्स यांनीं असाध्य रुग्णांसाठीं सेंट क्रिस्टोफर्स हें सेवागृह उघडलें. या बाई आधीं परिचारिका, मग रुग्णांची विचारपूस करणाऱ्या समाजसेविका, आणि अखेर डॉक्टर. देहाचें, मनाचें, घरच्यांच्या काळजीचें व श्रद्धेचें दुःख हें एकच दुःख आहे, त्याचे तुकडे पाडतां येत नाहींत, असें त्यांचें सांगणें.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्यानें स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमांत आज अंत्यावस्थेंतील रुग्णाची निगा, शोकाच्या अवस्था, मृत्यूचीं चिन्हें, मृतदेहाची व्यवस्था हे सर्व विषय आहेत. कागदावर उणें कांहीं नाहीं. आमच्या नातीच्या वहींत शोकाच्या पांच पायऱ्या लाल शाईनें अधोरेखित होत्या. पण वहींतल्या पांच पायऱ्या आणि खाटेवरची एक म्हातारी यांत अंतर फार. प्रात्यक्षिकें पुतळ्यांवर होतात, आणि पुतळा मरत नाहीं.

आमची एक जुनी विद्यार्थिनी तीस वर्षें परिचारिका-विद्यालयांत शिकवून निवृत्त झाली आहे. तिला आम्हीं सारी हकीकत लिहिली. तिचें सात पानांचें उत्तर आलें. मास्तरांस विद्यार्थिनीनें शिकवावें असा हा योग. त्यांतील कांहीं भाग असा.

“गुरुजी, पहिला मृत्यु मुलीनें एकटीनें पाहूं नये, हा माझा नियम होता. कोणता रुग्ण जाणार हें आम्हांला बहुतेक आदल्या दिवशीं कळतं. मी दोघी-तिघींना घेऊन खाटेशीं जाई आणि हळू आवाजांत दाखवी: नखं बघा, गुडघ्यांवर निळसर जाळी आली आहे ती बघा, श्वास मोजा, मध्यें किती वेळ थांबतो तें बघा. ही घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते. रुग्णाला तिचा फारसा त्रास नसावा असं आम्ही मानतों. कुशीवर वळवलं कीं ती कमी होते. जें आधीं नीट पाहिलं त्याचं भय निम्मं होतं.

“गेल्यावर देहाची निगा करायची ती जिवंत माणसाची करतों तशीच. ‘आतां कूस वळवतें हं आजी,’ असं म्हणूनच वळवायचं. मुली आधीं हसायच्या, मग त्यांची सवय व्हायची. डोळे मिटायचे, कवळी असेल तर बसवायची, हातपाय सरळ करायचे, केस विंचरायचे. अपघाताचं किंवा पोलिसांकडे जाणारं प्रकरण असेल तर मात्र नळ्यांना हात लावायचा नाहीं, हें मीं दहा-दहादां बजावलं आहे. घरच्या माणसांना आधीं विचारायचं कीं तुमच्यांत काय करतात? कोणी तुळस ठेवतात, कोणाला तोंड किबल्याकडे करायचं असतं, कोणाला पाद्री यायला हवे असतात.

“आणि मग पाव तास. ड्यूटी कितीही असो, हा पाव तास मी कधीं सोडला नाहीं. चहाच्या खोलींत बसवायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे. काय झालं? तुला काय वाटलं? काय करायचं राहिलं असं वाटतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक मुली रडतात. रडूं द्यायचं. त्यांना एवढंच सांगायचं कीं नातेवाइकांसमोर डोळ्यांत पाणी आलं तर लाज नाहीं; पण त्यांनाच तुझी समजूत घालावी लागेल असं रडूं नकोस.”

हा तिसरा प्रश्न आमच्या नातीस कोणी त्याच सकाळीं विचारिला असता, तर तिचा महिना वांचला असता. त्या हॉस्पिटलास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. एका परिचारिकेच्या अंगावर किती खाटा असतात हें मुलगी सांगते तेव्हां आम्हांसच कांपरें भरतें.

पत्राच्या शेवटीं तिनें लिहिलें होतें, “गुरुजी, चरकांत याविषयीं कांहीं आहे का हो?” आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, नवव्या अध्यायांत, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रोगी. परिचारकाचे गुण चार: उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग, आणि शुचिता. त्याच अध्यायांत वैद्याची वृत्ति चार प्रकारची म्हटली आहे: मैत्री, आर्तांविषयीं कारुण्य, साध्य रोग्याविषयीं प्रीति, आणि ‘प्रकृतिस्थां’विषयीं उपेक्षा. येथें प्रकृतिस्थ म्हणजे मरणोन्मुख असा अर्थ टीकाकार करतात. कालिदासाच्या वसिष्ठांनीं मरणास प्रकृति म्हटलें तें याच धर्तीवर. मात्र उपेक्षा या शब्दानें वाचकांनीं दचकूं नये. आजच्या मराठींतील हेळसांड असा तो अर्थ नव्हे. योगसूत्रांत व बौद्ध ग्रंथांत मैत्री-करुणेच्या पंक्तीस जी उपेक्षा येते ती समत्वबुद्धि होय: जवळ राहून पाहणें, पण खेंचून न धरणें. आमचें मत विचाराल तर मुलींस शिकविण्यास यांत सर्वांत कठीण हेंच आहे. कारुण्य घरून येतें, दक्षता सरावानें येते. जवळ राहून खेंचून न धरणें हें कोणत्या प्रात्यक्षिकांत घालावयाचें?

चरकाचें आणखी एक सांगणें इंद्रियस्थानाच्या अखेरीस आहे. मरणचिन्हें दिसलीं तरी वैद्यानें न विचारतां तीं सांगूं नयेत, आणि विचारिलें तरी, ज्यानें रोग्यास वा इतर कोणास आघात होईल तेथें सांगूं नयेत. आजचें शास्त्र याच्या उलट बाजूस झुकतें: रुग्णास जाणण्याचा हक्क आहे, त्यास अंधारांत ठेवूं नये. शिकाऊ मुलीस “मी बरी होईन ना गं?” असें विचारिलें तर तिनें काय करावें? निदान सांगण्याचा अधिकार तिला नाहीं. खोटें बोलण्याचा तर कोणासच नाहीं. आमची विद्यार्थिनी मुलींस उलट प्रश्न शिकवीत असे: “तुम्हांला कशाची काळजी वाटते आजी?” बहुधा काळजी मरणाची नसतेच. गोठ्यांतल्या गाईची असते, किंवा न बोलणाऱ्या सुनेची.

या विषयावर लिहितांना मुंबईच्या के. ई. एम. हॉस्पिटलाचें नांव टाळतां येत नाहीं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर एका सफाई कामगारानें पाशवी हल्ला केला आणि त्यांचें भान कायमचें हरपलें. १८ मे २०१५ रोजीं न्यूमोनियानें त्या वारल्या, तोंपर्यंत, म्हणजे साडेएक्केचाळीस वर्षें, तेथील परिचारिकांनीं त्यांस न्हाऊं-खाऊं घातलें. अंथरुणाला खिळलेल्या देहावर शय्याव्रण होऊं दिले नाहींत. विद्यार्थिनींची नवी तुकडी आली कीं तिला अरुणांच्या खाटेशीं नेऊन, या आपल्यांतल्याच एक होत्या आणि अजूनही आहेत, असें सांगण्याची तेथें चाल होती. त्यांचें अन्न थांबविण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढें गेली तेव्हां परिचारिका विरोधांत उभ्या राहिल्या, आणि न्यायालयानें ७ मार्च २०११ च्या निकालांत त्यांचा शब्द मानला. त्या मुलींनीं जें केलें त्यास तोड नाहीं. तरीही मनांत येतें कीं अनुराग आणि उपेक्षा यांची ओढाताण याहून प्रखर कोठें दिसेल? उत्तर आमच्यापाशीं नाहीं. के. ई. एम. मधल्या एखाद्या जुन्या परिचारिकेनेंच तें लिहावें.

असाध्य रुग्णांची सेवा हाच ज्यांचा धर्म, अशा संस्था आपल्याकडेही आहेत. मुंबईस वांद्र्यांत १९८६ सालीं शांति आवेदना हें देशांतलें पहिलें सेवागृह निघालें. पुण्यास वारज्यांत सिप्लाचें केंद्र १९९७ पासून चालूं आहे. आमच्या विद्यार्थिनीचें म्हणणें असें कीं प्रत्येक शिकाऊ मुलीस असल्या ठिकाणीं महिनाभर तरी ठेवावें. तेथें धांवपळ कमी असते. मरणाकडे चूक म्हणून पाहत नाहींत. आम्हांसही तें पटतें.

तिच्या पत्रांत आणखी एक गोष्ट होती, ती वाचून वहिनी प्रसन्न झाल्या. कॅनडांतील संशोधकांनीं २०२० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, प्रतिसाद देण्यापलीकडे गेलेल्या मरणासन्न रुग्णांपैकीं कांहींचा मेंदू अखेरच्या तासांतही आवाजास जाब देतो. “मग आम्ही विष्णुसहस्रनाम म्हणत होतों तें काय भिंतींना?” वहिनी म्हणाल्या.

मुलगी आठव्या दिवशीं परत गेली. आम्हीं सांगितलें म्हणून नव्हे. जातांना तिनें वहिनींकडून बोळ्याचा कापूस किती घट्ट वळावा तें दोनदां करून घेतलें. परवां तिचा फोन आला होता. तिच्या वॉर्डांत आणखी एक गृहस्थ गेले. या वेळीं ती उशाशीं होती, ओठ ओले होते. नंतर तिनें वर्गांतील दोन मुलींना घेऊन जिन्यांत बसून ते तीन प्रश्न एकमेकींस विचारले. शिक्षकांनीं नाहीं विचारले तरी आम्ही विचारूं, म्हणाली.

इकडे वहिनींनीं निराळेंच काम काढलें आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं, आपल्या अखेरच्या उपचारांविषयीं माणसास आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली आणि २०२३ मध्यें तिची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी वा राजपत्रित अधिकारी यांची सही पुरते. हें नातीकडून कळल्यापासून त्यांनीं आम्हांस लेखनिक केलें आहे. “लिहा भाऊजी,” म्हणाल्या. यंत्राला लावूं नये. घरीं, माजघरांत, पूर्वेच्या खिडकीशीं. गंगेचा गडू देवघरांतल्या फडताळांत, खालच्या कप्प्यांत. कापूस घरचाच. नातीला रजा मिळाली तर तिनें, नाहीं तर धाकट्या सुनेनें ओठ ओले ठेवावे. मग थोडा वेळ थांबून त्यांनीं सांगितलें, “डोळे मिटायला तुमचं नांव घाला. या खेपेला ओसरीवर उभं राहायचं नाहीं.”

आम्हीं तसें लिहिलें. अक्षर जरा हललें आहे. पुढल्या आठवड्यांत इंदापुरास नोटरीकडे जावयाचें ठरलें आहे; दोन साक्षीदार पाहिले आहेत.